कवड्या नाल्याचं कोमट पाणी

गोडादरा, सुरत
१९ जानेवारी १९९७

तीर्थस्वरूप आनंदादादा,

नमस्कार एवढाच शब्द वाचून पत्र चुलीत घालायचा विचार असेल, तर आधी वहिनीला चहाचं आधण ठेवायला सांग, म्हणजे कागद फुकट जाणार नाही.

हे माझं चौथं पत्र. आधीच्या तिन्हींचं काय झालं ते तुझ्या शीतलने कळवलं आहे. तू ती वाचतोस, घडी घालून देवळीत ठेवतोस, आणि कोणी विचारलं की म्हणतोस, ‘कोनाचं पत्र? मले नाई मालूम.’ पोरीवर रागावू नको. दोन घरांत मिळून एवढं एकच माणूस शहाणं उरलं आहे, तिला तरी कार्डं लिहू दे.

आम्ही तिघं खुशाल आहोत. मी अजून त्याच खात्यात आहे. इथे मागाच्या कारखान्याला खातं म्हणतात. आठ माग माझ्या अंगावर असतात आणि आवाज असा की शेजारच्याशी ओठ हलवून बोलावं लागतं. त्या आवाजाच्या सवयीने मी घरी ओरडून बोलतो आणि लीला म्हणते, ‘मी काय चवथ्या मागावर बसली हाये का?’ ती घरीच साड्यांचे लोंबते धागे कापते. आमची खोली त्यामुळे बाराही महिने रंगीत असते. परवा भातात जांभळा धागा निघाला. उज्ज्वला मराठी शाळेत सहावीला आहे, पण घरात येते ती ‘पप्पा, शुं करो छो?’ म्हणत. तिला म्हटलं, बाबा म्हण. तर म्हणते, बाबा गावाकडे मोहबर्डीत, इथे पप्पा. शेजारी उखा आणि मंगलाबाई म्हणून खानदेशी जोडपं आहे. त्यांची अहिराणी पहिलं वर्षभर मला कळली नाही, आणि आपली वऱ्हाडी ऐकून ते अजून हसतात. संक्रांतीला त्यांनी उंधियू आणून दिला, आम्ही तीळगूळ दिला. दादा, मी इथे सुखात आहे. पण तुझ्याशिवाय सुखात असल्याची मला अजून लाज वाटते.

आता मुद्द्याचं. शीतल लिहिते की होळी झाली की तू नाल्याकाठची विहीर आणखी वीस फूट खोल नेणार आहेस, आणि गडी मिळत नाहीत म्हणून स्वतः खाली उतरणार आहेस. तू बावन्न वर्षांचा आहेस. ती हेही लिहिते की गेल्या महिन्यात कोळशाच्या खदानीचा दुपारी दोनचा सुरुंग उडाला तेव्हा बांधणीतला एक दगड सुटून खाली पडला. खाली तुझा चुना-दगड संपला की नुसता ठिसूळ रेतीखडक आहे. रोज दोन वाजता अख्खी जमीन हलते आणि तू त्या खडकाखाली उभा राहणार.

तू म्हणशील, जागा दाखवणारा तूच आणि नको म्हणणाराही तूच. हो, मीच. आजोबांपासून आपल्या घरात पाणी पाहायची विद्या. तळहातावर आडवा नारळ ठेवून मीच त्या काठाने चाललो, नारळ जिथे उभा राहिला तिथे मीच खूण केली. म्हणून मीच सांगतो, तिच्यात आता पाणी नाही, आणि वीस फुटांवरही नाही. उतरू नको. बाकी काही लिहू नको, ‘नाही उतरत’ एवढं कार्डावर लिहून पाठव.

वहिनीला नमस्कार.

तुझा
बळीराम


गोडादरा, सुरत
९ फेब्रुवारी १९९७

आनंदादादा,

तुझं उत्तर मिळालं. म्हणजे तू दिलं नाहीस, शीतलने दिलं. तू म्हणालास, ‘सुरतेत बसून त्याले इथलं विहिरीचं बूड दिसते का?’

बरोबर आहे. उंटावरून शेळ्या हाकायचा माझा काय अधिकार? म्हणून आज तुझ्या विहिरीबद्दल काहीच लिहीत नाही. आमच्या गल्लीचं लिहितो.

आमच्या चाळीच्या कोपऱ्यावर एक हातपंप आहे. इथे त्याला डंकी म्हणतात. नळ तासभर येतो, बाकी सगळी भिस्त डंकीवर. गेल्या महिन्यात पलीकडच्या मोकळ्या जागेत कापड मार्केटच्या इमारतीसाठी पाया खणायला घेतला. खड्ड्यात पाणी लागलं, तसे त्यांनी दोन पंप लावले आणि उपसा गटारात सोडला. पाणी कसं म्हणशील? स्वच्छ, गार. चौथ्या दिवशी सकाळी उखा मोकळी बादली घेऊन माझ्या दारात. ‘बळीरामभाऊ, डंकी तं हवा खाई ऱ्हायनी! पानी कोठे गयं?’

मंगलाबाई गटाराकडे बोट दाखवून म्हणाली, ‘गटारमा पानी आनि डंकीमा हवा. हाई कसं काय वं माय?’

बायका गटाराच्या तोंडाशी हंडे लावून उभ्या राहिल्या, कारण पाणी होतंच तसं. कोणी म्हणालं, आपल्या गल्लीचं नशीब उघडलं, गटाराला गंगा आली. सगळे हसले. मी हसलो नाही, दादा.

मग चाळीने ठरवलं की डंकीला आणखी दहा फूट पाईप जोडायचा. जोडला. दोन दिवस पाणी आलं, खूप कौतुक झालं. तिसऱ्या दिवशी त्यांनी खड्डा आणखी खाली नेला आणि डंकी पुन्हा खडखडली. उखा तावातावाने मुकादमाशी भांडायला गेला, मीही गेलो. मुकादम वाईट माणूस नाही. तो म्हणाला, ‘काका, पानी नीचे रहेगा तभी तो पाया पड़ेगा. जिसका गड्ढा गहरा, आसपास का पानी उसी का.’

घरी आल्यावर मी जेवलो नाही. लीलाने विचारलं, काय झालं? म्हटलं, मुकादमाने मला एका वाक्यात पाणी शिकवलं. आजोबा, बाबा आणि मी, तीन पिढ्या आपण नारळ घेऊन फिरलो, पण आपण ज्या पाण्याला ओळखत होतो ते आपल्या जागी राहणारं पाणी होतं. शेजारी दोनशे फुटांचा खड्डा करून कोणी ते ओढेल, हे आपल्या विद्येत कुठेच नव्हतं. तुझी विहीर पंचेचाळीस फूट. पासष्ट केलीस तरी खदान तिच्यापेक्षा तिप्पट खोल आहे आणि दरवर्षी आणखी खाली जाते. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार, दादा?

बघ, विहिरीबद्दल लिहिणार नव्हतो.

तुझा
बळीराम

ता. क. चाळीतल्या लोकांना कोणीतरी सांगितलं की मी पाणी पाहतो. नव्या डंकीची जागा दाखवा म्हणून आले होते. मी म्हटलं, ऐकीव गोष्ट आहे, मला काही येत नाही.


गोडादरा, सुरत
२ मार्च १९९७

आनंदादादा,

विहिरीतले दगड-माती वर ओढायला वणीहून यारी आणलीस, असं कळलं. म्हणजे माझी दोन पत्रं पालथ्या घड्यावर पाणी. यारीचा दोर तरी नवा आहे का?

डंकीचं पुढचं ऐक. मार्केटचा पाया भरून झाला, पंप बंद झाले. गटाराची गंगा त्याच संध्याकाळी आटली आणि बायका पुन्हा हंडे घेऊन कोरड्या डंकीशी. मी म्हटलं, चार दिवस थांबा. उखा म्हणाला, तुम्हाला काय कळतं? पाचव्या दिवशी डंकी खोकली, मग गढूळ पाणी आलं, मग स्वच्छ. मंगलाबाईने डंकीला हळद लावली आणि मला गुळाचा खडा दिला. म्हणजे पाणी मेलेलं नसतं, दादा. खड्ड्याचा उपसा थांबला की ते आपल्या जागी परत येतं. आपल्याकडे तो कधी थांबेल ते माहीत नाही. तुझ्यामाझ्या हयातीत नसेल. पण उज्ज्वलाच्या आणि शीतलच्या पोरांना मोहबर्डीत पाणी दिसेल असं मला आता वाटायला लागलं आहे, आणि ते वाटल्यापासून मी जरा नीट झोपतो.

आता आपल्या नाल्याचं सांगतो. तू सगळं डोळ्यांनी पाहिलं आहेस, पण आपण दोघं यावर कधी बोललोच नाही.

कवड्या नाला आपल्या लहानपणी पोळ्यापर्यंत वाहायचा, दिवाळीला डबकी उरायची आणि संक्रांतीनंतर वाळू. खदान सुरू झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी तो आटायचाच थांबला. चैत्रात खळखळ! सगळं गाव काठावर गेलं होतं. मीही गेलो, पण मी पाणाड्याच्या डोळ्यांनी पाहत होतो. काठ ओला, लव्हाळा हिरवागार, उंबराची रोपं वर आलेली, ऐन उन्हाळ्यात बेडूक ओरडतात. बाबांनी शिकवलेली एकूण एक खूण तिथे होती. आणि पाणी माघात कोमट. बाबा म्हणायचे, थंडीत पाणी कोमट लागलं तर ते खोलातून येतं. मी पारावर सांगितलं की खदानीच्या सुरुंगांनी कुठेतरी जुना झरा मोकळा केला, नाला बारमाही झाला. लोकांनी माझ्या पाया पडायचंच बाकी ठेवलं होतं. त्र्याण्णवच्या माघात तू म्हणालास, मग काठावर विहीर पाहून दे. मी नारळ फोडला.

आणि पाणी लागलंही. चाळीसाव्या फुटाला असं उसळलं की गड्यांच्या टोपल्या तरंगल्या. वर्षभर तू गहू भिजवलास, वहिनीने वांगी लावली. ती वांगी आठवली की आजही वाटतं, तेवढं वर्ष तरी खोटं नव्हतं.

पुढच्या फाल्गुनात खदान दुसऱ्या अंगाला सरकली. त्यांनी उपशाचा पाईप पलीकडच्या खोऱ्यात वळवला. महिन्याभरात नाल्यात वाळू आणि विहिरीत बेडकांचे सांगाडे. नाला म्हणजे खदानीचं उपसलेलं पाणी होतं आणि तुझ्या विहिरीत त्याचाच पाझर येत होता. तोवर गावातल्या जुन्या विहिरीही एकेक करून तळ दाखवायला लागल्या होत्या, कारण खालचं पाणी त्याच खड्ड्याकडे चाललं होतं. आता पावसाळ्यात नाल्याला येतं ते खदानीने टाकलेल्या मातीच्या डोंगरांवरून धुऊन आलेलं राखाडी पाणी, आणि ते शेतात गाळ ठेवून जातं, असं शीतल सांगते.

तेव्हा चूक झाली ती अशी. खुणा खऱ्या होत्या, पाणी परकं होतं. कुठल्याही पाणाड्याची झाली असती.

आता तरी ऐक. यारी परत पाठव.

तुझा
बळीराम


गोडादरा, सुरत
१६ मार्च १९९७

दादा,

होळीला एक आठवडा उरला आहे, म्हणून हे पत्र नमस्कार-चमत्कार न करता लिहितो.

मागचं पत्र टाकण्याआधी लीलाने वाचलं होतं. काल धागे कापता कापता म्हणाली, ‘तुमी त्यायले सारं सांगतलं. खरं तेवढं राह्यलं.’

मी म्हटलं, कसलं खरं? ती म्हणाली, ‘मले कायले इचारता? झोपेत बडबडता तुमी. अडीच वर्सं ऐकून राह्यली मी, पाईप पाईप.’

तर ऐक, दादा. ‘कुठल्याही पाणाड्याची झाली असती’ हे मी लिहिलं ते खोटं आहे.

आपल्या घरचा नेम तुला माहीत आहे. नारळ फोडायच्या आधी पाणाड्याने उगमाशी जायचं, पाण्याच्या सात आसरांना हळदकुंकू वाहायचं, मग जागा दाखवायची. बाबा कधी चुकले नाहीत. मी चुकलो. पारावर एवढं कौतुक झालं होतं की आधी नारळ फोडला आणि उगमाकडे जायचं मागे पडलं. विहीर सात-आठ हात गेली तेव्हा मनाला टोचणी लागली, म्हणून एका दुपारी हळदकुंकू घेऊन नाल्याने वर वर चालत गेलो.

उगमाशी जांभळीचं झाड होतं ना, तिथे मातीचा डोंगर होता. जांभूळ, झरा, आसरांचे सात दगड, सगळं त्याच्या पोटात. डोंगराच्या बगलेतून एक लोखंडी पाईप आला होता, बैलाच्या पोटाएवढा, आणि त्यातून कोमट पाणी धो धो पडत होतं. मागे पंपाची घरघर. मी पाण्यात हात घातला. तेच पाणी, दादा, ज्याला मी झरा म्हटलं होतं.

हळदकुंकू हातात होतं. परत कसं न्यायचं? मी ते पाईपालाच लावलं आणि घरी आलो.

तुला सांगायचं ठरवूनच निघालो होतो. वाटेत विहिरीवर थांबलो तर दहा-बारा माणसं जमलेली. कोणीतरी ओरडलं, ‘आले पाहा पाणीवाले महाराज!’ तू वर पाहून हसलास. म्हटलं, उद्या सांगू.

उद्या आला, परवा आला. त्या दिवशी आजोबांच्या जुन्या, तेव्हा पाणी असलेल्या विहिरीचा एकही दगड निघाला नव्हता. नंतर तू ते घडीव दगड काढून नव्या विहिरीच्या बांधणीला आणलेस, मी समोर उभा होतो, एक-दोन तर माझ्याच हातून गेले. तेव्हाही बोललो नाही. पुढे जुन्या विहिरीही सगळ्यांच्याच आटल्या, म्हणजे ती राहिली असती तरी कोरडीच पडली असती. हे मी स्वतःला हजार वेळा सांगितलं आहे. पण ते नंतर कळलेलं शहाणपण. त्या दिवशी मला ते माहीत नव्हतं, आणि तरी मी गप्प बसलो.

विहीर आटल्यावर तू मला एक शब्दही बोलला नाहीस. शिव्या दिल्या असत्यास तर मी राहिलो असतो. वणीच्या बाजाराला जातो म्हणून लीला-उज्ज्वलाला घेऊन निघालो तो भुसावळला गाडीत बसलो. तेव्हा सुरतेत प्लेगची आवई होती. सुरतेकडून येणाऱ्या गाड्यांना माणसं लटकलेली आणि आमचा डबा रिकामा; लोक आम्हाला वेडे समजत होते. मला वाटत होतं, बरं झालं, जिथे कोणी जात नाही तिथेच मी जावं. आणि पाहा, त्याच गावाने मला पोटाशी धरलं.

म्हणून आता सांगतो, त्या विहिरीला खाली झरा नव्हताच, कधीच नव्हता. तू ज्याच्यामागे खाली उतरतो आहेस ते पाईपाचं पाणी होतं, आणि ते मला माहीत होतं. हे वाचून तू पुन्हा कधी माझं तोंड पाहिलं नाहीस तरी चालेल. चालणार नाही, पण मी सोसेन. तुझ्या डोक्यात दगड पडला तर ते मला सोसवणार नाही.

बळीराम


मोहबर्डी
२७ मार्च १९९७

प्रिय काका, काकू आणि उज्ज्वला,

बाबा सांगत आहेत आणि मी लिहीत आहे. ते म्हणाले, जसं बोलतो तसंच लिही, शाळेतलं मराठी घालू नको. म्हणून तसंच लिहिते. — शीतल

बळ्या,

तुह्यं पत्र धुळवडीच्या दिवशी भेटलं. मी वाचलं, मंग शीतलनं साऱ्यायले वाचून दाखवलं. तुह्यी वहिनी रडली. मी नाई रडलो.

(रडले. — शीतल)

पयली गोष्ट. ते पाईपाचं तू मले आता सांगून राह्यला, पन मले चार वर्सांपासून मालूम हाय. त्या माघात माह्या म्हशी नाल्यात बसल्या का उठायच्याच नाईत. थंडीत म्हैस पान्यात बसते का कधी? मी म्हटलं, हे पानी येते तरी कुठून, म्हनून काठाकाठानं वर गेलो. पाह्यतो तं पाईप. अन् पाईपाले हळदकुंकू! ताजं. मी तिथंच खाली बसलो अन् हासलो. खदानीच्या पाईपाची पूजा करनारा बैताड मोहबर्डीत एकच हाय, अन् तो माह्या मायच्या पोटचा हाय.

मंग मले समजलं का तुलेबी समजलं. घरी आलो. वाटलं, आज सांगशीन. नाई सांगतलं. वाटलं, उद्या सांगशीन. लोकं तुले महाराज म्हनत, तू मान खाली घालून उभा राह्य. मी काम बंद केलं असतं तं साऱ्या गावानं इचारलं असतं, काऊन बंद केलं? मले सांगा लागलं असतं का माह्या भावानं पाईपाले झरा म्हटलं. ते माह्या तोंडून निघालं नसतं. म्हनून खनत राह्यलो. जुन्या विहिरीचे दगड काढले तवा मी दगडाकडं नाई, तुह्या तोंडाकडं पाह्यत होतो. त्यात माहीबी जिद होती. तू बोलल्याबिगर मी बोलनार नाई, अशी. तं निम्मे दगड तुह्या डोक्यावर अन् निम्मे माह्या.

राग विहिरीचा नव्हता, येड्या. बाजारात जातो म्हनून गेला, अन् मी सांजेपर्यंत फाट्यावर उभा राह्यलो, हातात तुह्यासाठी बिड्या घेऊन. शेवटली यष्टी गेली तरी उभा राह्यलो. त्याचा राग होता. अजून हाय.

आता खोल काऊन नेत होतो ते सांगतो, मंग तुह्या मुकादमाचं ग्यान मले पुन्हा नको शिकवू. खदान पानी ओढते हे मले काय समजत नाई? इथं रोज पाह्यतो. पन गावानं त्या विहिरीले नाव पाडलं. ‘बळीरामची कोरडी’ म्हनते लोकं. पोट्टे म्हनते, पावने म्हनते, पत्ता सांगाले म्हनते, का बळीरामच्या कोरडीपासून डाव्या हाताले वळा. मले वाटलं, वीस फुटात हंडाभर तरी लागंन. हंडाभर लागलं तरी ते नाव पुसलं जाते. म्हनून उतरत होतो.

यारी काल परत धाडली. उतरत नाई.

(आई म्हणते, हे वाक्य मोठ्या अक्षरात लिही. — शीतल)

पन आयक. कागदावर खरं सांगून तू तिकडं डाळभात खाशीन अन् मी इकडं ते नाव आयकत बसू, असं नाई चालनार. पोरीच्या शाळेले सुट्टी लागली का तिघंबी या. पारावर बसू. तू सांगजो का तुले मालूम होतं. मी सांगीन का मलेबी मालूम होतं. लोकं हासतीन. हासू दे. पन मंग दोघायले हासतीन. इतके वर्सं तुले एकट्याले हासून राह्यले, अन् ते मले पाहवत नाई.

आनंदा